जिरेपर्यंत

“वरच्या वर पुसू नको, सिंधे. जिरेपर्यंत चोळ. वर राहिलं तर नुसता चिकटा; आत जिरलं तर हाड धरतंय.”

अण्णांचा आवाज सिंधुला लातूरच्या त्या दवाखान्यात, भर दुपारी, पंख्याच्या खरखरीतून इतका लख्ख ऐकू आला की तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं नुसती भिंत होती आणि भिंतीवर नाक शिंकरणाऱ्या मुलाचं चित्र. तिच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टर अफसानांनी विचारलं होतं ते अगदी साधं होतं. मागच्या वीस मिनिटांत त्यांनी असं पुष्कळ विचारलं होतं – घरात मांजर येतं का, गादी कशाची, धूप किती वेळ जळतो, घरात आणखी कुणाला दमा – आणि सिंधु एकेकाचं उत्तर पाठ केल्यासारखं देत होती. आठ वर्षांच्या ईश्वरीचा हात टेबलावर उताणा पसरलेला होता. हातावर पेनानं आकडे काढलेले, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब टाकून सुईनं टोचलेलं. बाकीचे थेंब निमूट वाळले होते, आणि चार नंबरच्या जागी चिंचोक्याएवढी गांध उठली होती. चार नंबर शेंगदाणा. त्यात नवीन काही नव्हतं. शेंगदाण्यानं आपली पोरगी मरू शकते हे सिंधुला सहा-साडेसहा वर्षांपासून ठाऊक होतं. मग डॉक्टरांनी मान न उचलताच विचारलं, “तान्ही असताना अंगाला तेल कुठलं लावायचात?”

“घाण्याचं,” सिंधु म्हणाली, आणि तिच्या आवाजात तो जुना तोरा आला. “आमच्या अण्णांचा घाणा आहे ना मुखेडला. लाकडी. शेंगदाण्याचं निखळ तेल. बाजारातलं मी थेंबभर लावलं नाही तिला.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. झालं ते एवढंच. एखाद्याच्या घरात आपण चप्पल घालून आत आलोय हे चार पावलांनंतर लक्षात यावं तसं काहीतरी सिंधुला वाटलं. डॉक्टर अफसाना वयानं लहान होत्या, पस्तिशीच्या आतल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तेव्हा अंगावर इसब होतं ना? गालावर, कोपराच्या घडीत?”

“होतं की. रक्त यायचं खाजवून. म्हणून तर जास्त लावायची. दोन वेळा.”

“आणि खायला? दाण्याचं कूट वगैरे?”

“एक दाणा नाही,” सिंधु म्हणाली. “आम्ही तेव्हा नांदेडला होतो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं अंग असलेल्या लेकराला तीन वर्षं शेंगदाणा दाखवायचा सुद्धा नाही. मी घरातून डबाच काढून टाकला होता.”

मग डॉक्टर हळू बोलल्या. त्यांचं बोलणं सिंधुला नंतर रिक्षात तुकड्या-तुकड्यानं आठवत राहिलं. तेव्हा सगळेच डॉक्टर तसं सांगायचे म्हणे, त्यात त्या डॉक्टरांची चूक नाही. अलीकडच्या संशोधनात उलटं निघालं. शेकडो लेकरांना सहाव्या महिन्याच्या आसपास थोडं थोडं चाटवलं, शेकडोंना चाटवलं नाही, आणि ज्यांना चाटवलं त्यांच्यात हा त्रास कितीतरी कमी. “शरीराचं असं असतं ताई, एखादी गोष्ट तोंडावाटे आत आली तर ते तिला पाहुणा समजतं. पुढच्या दारानं आलेला. तीच गोष्ट फाटक्या कातडीतून आत शिरली तर चोर. भिंत फोडून आलेला. आणि एकदा चोर म्हणून ओळखलं की नंतर पुढच्या दारानं आला तरी शरीर काठी घेऊनच उठतं.” सिंधुनं विचारलं होतं, आमच्याकडं तर सगळ्याच लेकरांना तेच तेल लावतात, मग त्यांना का नाही. त्यावर डॉक्टर म्हणाल्या की त्यांची कातडी धड असते. शिवाय ती लेकरं दात यायच्या आधीच कुणाच्या ना कुणाच्या बोटाचं कूट चाटून मोकळी होतात. “तुमच्याकडं दोन्ही उलटं झालं. पण ह्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही हं. कुणीच नाही सांगू शकणार. असू शकतं, एवढंच.” आणि मग, फाईल मिटता मिटता, “घरात आणखी कुणी तान्हं आहे का?”

सिंधु म्हणाली, “नाही.” ते खरंही होतं. लातूरच्या घरात नव्हतं.

रिक्षात ईश्वरी बराच वेळ गप्प होती. ती गप्प असली की सिंधुचे कान आपोआप तिच्या श्वासाकडं लागत. शिट्टी वाजतेय का, छाती ओढतेय का. ही सवय आता हाडीमाशी गेली होती, शेजारी कुणी झोपलं तरी ती श्वास मोजायची. गंजगोलाईच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा पोरीनं हातावरची गांध निरखत विचारलं, “म्हणजे मी बाळ होते तेव्हा तू मला एक बोट चाटवलं असतंस, तर आज मी लाडू खाल्ला असता?”

“तसं नसतं काही.”

“मॅडम तसंच म्हणल्या.”

“मॅडम म्हणल्या, असू शकतं.”

“मग असू शकतं,” ईश्वरी म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. रागावली नव्हती. तिला राग यायला हवा होता, असं सिंधुला वाटलं. शाळेत ती डबा खायला एकटी बसते, बाईंच्या टेबलाशेजारी, ज्या बाकावर शिक्षा झालेल्या पोरांना बसवतात त्याच बाकावर. वाढदिवसाच्या चॉकलेटचे कागद वाचून परत देते. आठ वर्षांच्या पोरीला बारीक अक्षरातलं वाचता येतं, कारण ते वाचलं नाही तर काय होतं हे तिला माहीत आहे. दीड वर्षाची असताना मुखेडला, पंचमीच्या दिवशी, शेजारच्या कुणीतरी दाण्याच्या लाडवाचा कण तिच्या तोंडात घातला होता. पाच मिनिटांत ओठ वांग्यासारखे सुजले, ओकारी झाली, आणि मग तो आवाज, फाटक्या भात्याचा. भाऊ बालाजीनं मोटारसायकल अशी हाणली की सरकारी दवाखान्याच्या दारात सिंधु उतरली नाही, पडली. सुई बसली आणि पोरीचा रंग परत आला. अण्णा मागून चालत आले. तीन किलोमीटर. त्यांना मोटारसायकलवर जागाच नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते एकच वाक्य म्हणत होते, “कशानं झालं ग हे? आपल्या सात पिढ्या शेंगेवर जगल्या. कशानं झालं?”

तेच वाक्य ते पुढं मरेपर्यंत म्हणत राहिले. आणि तेव्हापासून लातूरला येताना त्यांची एक रीत झाली. घाण्यावरचे कपडे अंगावर ठेवायचे नाहीत. घरून आंघोळ करून निघायचे, पिशवीत घडी केलेलं दुसरं धोतर असायचं, आणि लातूरच्या स्टँडवर उतरलं की तिथल्या नळावर पुन्हा हातपाय, तोंड, मान साबणानं धुऊन, ते दुसरं धोतर नेसून मगच घरी. तरीही नातीला मांडीवर घेताना हात बगलेत दाबून बसायचे. “माझ्या अंगाला पेंडीचा वास हाय माय, नको उगं,” म्हणायचे. पोरगी ओढून त्यांचे हात काढायची. आयुष्यभर ज्या हातांनी लोकांच्या घरचे दिवे लावले ते हात माणसानं बगलेत लपवून ठेवावेत. सिंधुला तेव्हा कसला अभिमान वाटायचा! बघा, असा बाप असतो, असं ती नवऱ्याला, मल्लिकार्जुनला, ऐकवायची. आता रिक्षात बसून तिला कळेना, त्या लपवलेल्या हातांचं काय करायचं. ज्या पाच लिटरच्या डब्यावर ‘सिंधु, नांदेड’ असं ते स्वतःच्या हातानं रंगवायचे आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायचे, दर महिन्याला, न चुकता, त्याचं काय करायचं. आणि तिच्या स्वतःच्या हातांचं. अण्णा फोनवर विचारायचे, “जिरवतीस ना?” आणि ती म्हणायची, “जिरवते अण्णा.” पोरगी किंचाळायची. सोललेल्या कोपरावर तेल झोंबायचं, आणि ही एका हातानं तिचे दोन्ही हात धरून दुसऱ्या हातानं चोळत बसायची, कातडी पिऊन टाकेपर्यंत. जिरलं, अण्णा. तुम्ही सांगितलं तसं जिरलं. असं आत जिरलंय की आता काढायला कुणाच्या बापाला जमणार नाही.

घरी आल्यावर तिनं वरण-भात लावला, कपडे घडी केले, दम्याच्या औषधाचा पंप ईश्वरीच्या हातात देऊन दोन वेळा ओढायला लावला, चूळ भरायला लावली. सगळं नीट. तिचा सगळा जन्मच असा नीट गेला होता. सकाळी पाणी प्यायच्या आधी इष्टलिंगाची पूजा, सोमवार, शिवरात्र, चातुर्मासात एका पदार्थाचा त्याग. नांदेडच्या डॉक्टरांनी ‘तीन वर्षं’ म्हटलं तेव्हा तिला ते औषध वाटलंच नव्हतं, नेम वाटला होता, आणि नेम पाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या आईनं, अव्वानं, तर नातीसाठी महादेवापुढं शेंगदाणाच सोडला. घाण्याच्या घरात राहून. पोत्यांच्या राशीत बसून. उपासाला सगळं गाव साबुदाण्यात कूट घालून खातं आणि अव्वा पाण्यात शिजवलेली भगर दह्याशी गिळते. “माझ्या सोडण्यानं तिचा जीव राहिलाय,” असं ती कुणी विचारलं तर हळूच सांगते. आणि रोज संध्याकाळी अण्णांच्या फोटोपुढं दिवा लावते, त्याच घाण्याच्या तेलाचा.

फोन वाजला. भावजय पुनमनं व्हिडिओ पाठवला होता. सिंधुनं तो कणीक मळलेल्या हातानंच उघडला. अव्वा ओसरीत पाय पसरून बसलेली, पायांवर तीन महिन्यांचा भाचा उघडा, आणि अव्वाचे हात चालू आहेत. छातीवरून पोटाकडं, पोटावरून मांडीकडं. शेजारी पितळी वाटी. पुनमचा हसरा आवाज, “बघा आत्याबाई, पैलवान!” पोराच्या गालावर दोन लाल चट्टे होते. सिंधुनं व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. गुडघ्याच्या घडीत पण. साल निघालेली, ओलसर. तिला ती कातडी ओळखीची होती, हातांना ओळखीची.

घरात आणखी कुणी तान्हं आहे का? नाही.

मग जे आलं त्याची तिला पुढं कितीतरी वेळ लाज वाटली, पण आलं ते खरं. तिला पुनमचं बारशातलं बोलणं आठवलं. ईश्वरीपायी ह्या वेळी दाण्याचे लाडू करायचे नाहीत असं अव्वानं ठरवलं, तेव्हा पुनम माजघरात आपल्या बहिणीला म्हणाली होती, आणि आवाज काही फार खाली घेतला नव्हता, “आता घाणेवाल्याच्या घरात डाळीचे लाडू! एका पोरीपायी सगळ्या घरानं पथ्य करायचं. आमच्यात असली नाजूक लेकरं होत न्हाईत बाई.” होत नाहीत? थांब की. लाव की तेल. चांगलं लाव. तुझी पण जिरू दे. बघू तुझा पैलवान. शाळेत बाईंच्या टेबलाशेजारी दोन डबे झाले तर माझी पोरगी एकटी तरी राहणार नाही. इतकं स्पष्ट, इतकं शब्दाला शब्द लावून तिच्या मनात ते उमटलं, की तिनं फोन पालथा घातला आणि कणीक पुन्हा मळायला घेतली, मळलेलीच. गॅसवर तवा तापून धूर निघायला लागला होता. आतून ईश्वरी खोकली आणि सिंधुनं पटकन खिडकी उघडली, तेवढ्यातल्या तेवढ्यात श्वास मोजला, आणि तिला स्वतःची किळस आली. मोजता येतात मला श्वास. त्या पोराचे मोजायला पुनमला मी शिकवणार का?

मल्लिकार्जुन दाल मिलवरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. फक्त ते मघाचं ‘जिरू दे’ सांगितलं नाही. तो डोक्यावरची डाळीची भुकटी झटकत ऐकत होता. मग हात धुता धुता थांबला.

“तुझ्या अण्णानंच केलं म्हण की.”

“अण्णांनी कशाला? हात माझे होते.”

“तेल त्यांचं.”

“हो. तेल त्यांचं.”

तो वाईट माणूस नव्हता. तिच्याकडं बघून त्यानं आवाज खाली घेतला. “हे बघ, गेलेल्या माणसाला कशाला मधी आणायचं? बालाजीला फोन कर. म्हणावं, डॉक्टरनं मना केलंय, तेल लावू नका. संपलं.”

“नुसतं मना केलंय म्हणून अव्वा ऐकंल?”

मल्लिकार्जुन हसला. त्यालाही माहीत होतं. एक डॉक्टर म्हणतो देऊ नका, दुसरी म्हणते द्या, अशा लोकांचं कोण ऐकतं? आणि ते तेल म्हणजे अव्वाला नुसतं तेल नव्हतंच. अण्णा गेल्यावर तिनं दागिने काढले, हिरव्या बांगड्या काढल्या, पण वाटीभर तेल घेऊन बसायचं सोडलं नव्हतं. त्या वाटीत तिचा नवरा होता. ती वाटी खाली ठेवायला लावायची तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगायचं तर त्या फोटोकडं बोट करावं लागणार. शिवाय डॉक्टर म्हणतात, ‘असू शकतं’. असू शकतं एवढ्यावर एका विधवेच्या हातातून तिचा नवरा काढून घ्यायचा. नाहीच निघालं तसं, तर? आणि तसंच निघालं, तर?

सकाळी आंघोळ करून ती पूजेला बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, डोळे त्यावर लावले, पण नजर लिंगावर ठरेना, तळहातावर जाई. ह्याच तळहातात तेल ओतून घ्यायची ती. आणि तिथं बसल्या-बसल्या, इतकी वर्षं कधी वर न आलेलं, ईश्वरीचं उष्टावण तिला आठवलं. सहा महिन्यांची पोरगी, जरीचं झबलं, चांदीच्या वाटीत खीर. पाहुण्यांनी घर भरलेलं. अण्णांनी खिशातून पानाची पुडी काढली होती. पुडीत कूट, गुळात कुटलेलं, पिठासारखं बारीक. “शेंगेचं पोर हाय, शेंग चाटल्याबिगर कसं?” असं म्हणत त्यांनी बोटाला लावलं आणि बोट पोरीच्या ओठापाशी नेलं. पोरीनं तोंड उघडलं. आणि सिंधुनं सगळ्या पाहुण्यांदेखत बापाचं मनगट धरलं. घट्ट. “डॉक्टरांनी नाही म्हणलंय, अण्णा.” कुणीतरी हसलं. नांदेडला जाऊन पोरगी शहाणी झाली, असं कुणीतरी बोललं. अण्णा क्षणभर तसेच, बोट हवेत धरून. मग त्यांनी ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं, चोखलं, आणि म्हणाले, “बरं बरं. लेकीचं खरं.”

सिंधुनं तळहातावरचं लिंग घाईनं वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, पूजा अर्धी टाकून. आयुष्यात पहिल्यांदा. विभूती कपाळावर ओढायची राहिली ती राहिलीच. बाप दोन गोष्टी म्हणाला होता, एक चुकीची आणि एक बरोबर, आणि आज्ञाधारक लेकीनं नेमकी चुकीची तेवढी पाळली. बरोबरची होती ती मनगट धरून परत पाठवली. ती हसली. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, बराच वेळ. मग उठून तिनं मुखेडला फोन लावला.

“काय करायलीस, अव्वा?”

“काय करू, बाळाला न्हाऊ घालायचंय. पाणी तापायलंय. तेल कोमट करायलेय. पुनम अजून उठंना.”

“आज तेल लावू नको.”

“का?”

“लावू नको म्हणते ना.”

“लेकराच्या अंगाची साल निघायलीय, सगळं कोरडं ठणठणीत, आन तू म्हणतीस तेल नको! ती डॉक्टरीण म्हणली वाटतं. मागचा म्हणला दाणा नको, आता ही म्हणती तेल नको. उद्या म्हणतील आईचं दूध नको. मग काय, मोबाईल चाटवायचा का पोराला?”

“अव्वा, मी येऊन सांगते.”

“फोनवर सांग की. माझे कान काय फुटलेत?”

“फोनवर सांगण्यासारखं न्हाई.”

मग अव्वाचा आवाज एकदम बारीक झाला. “ईश्वरी बरी हाय ना?”

“बरी हाय. शाळेला जायलीय.”

“मग काय हाय ते खरं खरं सांगशील? आल्यावर? मला म्हातारीला बरं वाटावं म्हणून अर्धंमुर्धं सांगायचं न्हाई. त्यांच्या आजारपणात तुम्ही दोघं भावंडांनी तसंच केलंत. शेवटपर्यंत मला म्हणलात, बरे होतील.”

सिंधुनं डोळे मिटले. “खरं सांगीन.”

“सगळं?”

“सगळं.”

“शब्द दे.”

“दिला, अव्वा. दुपारपर्यंत येते. तवर वाटी खाली ठेव.”

“ठेवली,” अव्वा म्हणाली, आणि खरंच, पितळ फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

तिनं ईश्वरीची वेणी घातली, दप्तरात पंप आणि तातडीच्या सुईचा डबा आहे ना हे पाहिलं, मल्लिकार्जुनला दुपारचं सांगितलं. पिशवीत डॉक्टर अफसानांचा कागद टाकला. त्यांना काल सांगितलेलं ‘नाही’ चुकीचं होतं, माहेरी तान्हं आहे, त्याचं अंग तुम्हाला दाखवल्याशिवाय काही चाटवणार नाही, हे फोन करून सांगायचं म्हणून कागदावरचा नंबर तिनं दोनदा वाचला. मल्लिकार्जुन दाराला टेकून उभा होता. ती चप्पल घालायला वाकली तेव्हा तो म्हणाला, “शिरूर ताजबंदला गाडी बदलावी लागंल.”

“माहीत आहे.”

“अण्णाचं नाव घेणार?”

सिंधुनं पट्टा टाचेवर ओढला. “दोनदा. एकदा तेलापायी, एकदा उष्टावणातल्या बोटापायी,” ती म्हणाली, आणि जिना उतरून स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.